लाल चिंधीची पुडी

सरकारी नोकरीत मला मनापासून आवडलेलं काम एकच, पावसाळ्याची पेटी भरणं. बाकी सगळं मी दातओठ खाऊन केलं. सभा, आकडे, साहेब येणार म्हणून कोंबडीची सोय, आणि कोंबडी खाऊन झाल्यावर 'सिस्टर, तुमच्या गावाचं काम जरा मागं आहे' हे ऐकणं. पण मृग जवळ आला की मी दार लोटून घ्यायची, सतरंजी अंथरायची आणि औषधं मांडून बसायची. हिवतापाच्या गोळ्या, हगवणीची मीठ-साखरेची पाकिटं, पट्ट्या, कापूस, जखमेवरचं जांभळं औषध, बाळंतपणाचं सामान. एकदा नदी भरली की आमचं गाव पलीकडं आणि सगळं जग अलीकडं. पूल नव्हता. लाकडाचा डोंगा होता, पण पुराच्या पाण्यात तो घालायची हिंमत नावाडी दारू पिऊनसुद्धा करायचा नाही. मग जे काय पेटीत असेल त्याच्यावर गावानं पावसाळा काढायचा.

गडचिरोली जिल्हा तेव्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या. आमच्या गावात नवी फक्त मी, नर्सबाई. एका खोलीचं उपकेंद्र, मागं माझी राहायची खोली, भोवती माडिया लोकांची घरं आणि त्यापलीकडं जंगल.

मी नागभीडची. बाप रेल्वेत गँगमन. छप्पन साली तो दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या स्वतःसाठी पाटी-पेन्सिल विकत घेतली, असं आई सांगायची. बायकोपोरं असलेला बाप्या ड्यूटीवरून आला की अंगणात बसून बाराखडी गिरवायचा. वाचता यायला लागलं आणि त्याच्या जिभेला धार आली. कुणाशीही वाद झाला की शेवटचा घाव ठरलेला, "वाचता येते का तुले?" वाण्याला, शेजाऱ्याला, एकदा तर भर लग्नात व्याह्याला. आमच्या घरात जमीन नव्हती, दागिना नव्हता. हे एक वाक्य तेवढं वारशानं माझ्याकडं आलं, आणि मी ते गावात सर्रास वापरलं. गोळ्या कशा घ्यायच्या ते मी सांगत असताना एखादीनं मधेच आपलं डोकं चालवलं की माझ्या तोंडून निघायचंच, "वाचता येते का तुले? नाई ना? मंग मी सांगतो तसं कर." बाया चूप व्हायच्या. मला वाटायचं, पटलं त्यांना.

पेट्या एकाच्या दोन का झाल्या ते आधी सांगते. आमच्या गावात बायांसाठी वस्तीच्या टोकाला एक झोपडी होती. तिला कुर्मा म्हणत. महिन्याच्या दिवसांत बाई तिथं राहायची आणि बाळंतही तिथंच व्हायची. बुटकी, बिनखिडकीची, वाकून आत शिरावं लागे. पुरुषानं तिच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि आत गेलेली वस्तू परत घरात आणायची नाही, हा नियम. मला ती झोपडी कधीच आवडली नाही. आजही कुणी शहाणा तिचं कौतुक सांगायला लागला की माझं डोकं फिरतं. भर पावसात एकदा तिथं गुडघे पोटाशी घेऊन बसून दाखव म्हणावं.

पहिल्याच वर्षी मी माझी पेटी घेऊन कुर्म्यात एका बाळंतिणीकडं गेले. बाई सुखरूप सुटली. दुसऱ्या दिवशी तीच पेटी घेऊन तापानं फणफणलेल्या एका म्हाताऱ्याकडं गेले, तर त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या सुनेनं फिरवलं, शेजाऱ्यांनीही फिरवलं. पेटी आत जाऊन आली होती, म्हणून आता तिच्यातली गोळी कुणाला चालणार नव्हती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तडक गावच्या दाईच्या अंगणात जाऊन उभी राहिले. दाई म्हणजे ठेंगणी म्हातारी, गालात सदा तंबाखू, आणि मी काहीही सांगितलं की आधी हसणार. तिला माझी बोली मोडकी यायची आणि मला तिची त्याहून मोडकी, पण भांडायला पुरत होती. "माह्या आजीले विहिरीपासून दूर उभं करत होते, मालूम हाय का तुले?" मी ओरडले. "वरून पानी ओतत होते वोंजळीत. त्या साऱ्यावर थुंकून आलो आमी. आन् इथी येऊन माही पेटी बाटली म्हन्ता?"

तिनं सगळं ऐकून घेतलं. पिंक टाकली. "तुह्या पेटीले कोनी हलकी म्हन्लं काय? आतली वस्तू आत राहे, बाहेरची बाहेर. येवढीच गोठ हाय. दोन पेट्या कर ना, बाई. भांडून काऊन राह्यली?"

रागावलेल्या माणसाला असं सोपं उत्तर मिळालं की मोठी पंचाईत होते. मी तशीच पाय आपटत घरी आले.

कचेरीत दुसरी पेटी मागितली तर उत्तर आलं, एका उपकेंद्राला एकच पेटी. मग चंद्रपूरला गेले तेव्हा बाजारातून पत्र्याची एक पेटी आणली आणि माझ्या साठ्यातलं सामान दोन्हीकडं वाटलं. ही दुसरी पेटी कुर्म्यातच राहणार होती, मी गावात असो नसो. आणि ऐन पुरात मी नसणार हे धरूनच चालायचं, कारण माझ्याकडं नदीच्या दोन्ही अंगाची गावं होती. म्हणजे पेटी उघडणार दाई. दाईला अक्षर येत नव्हतं. मी म्हटलं, "शिकवतो तुले." ती म्हणाली, "तू आमची बोली शिकली का नीट? नाई ना? मंग बस चूप."

तेव्हा आम्ही खुणा ठरवल्या, आणि त्यावरही खरोखरची भांडणं झाली. तापाच्या गोळ्यांना मी निळी चिंधी म्हटलं. ती म्हणाली, कडुनिंबाची काडी बांध, तापाची दवा कडूच राहते. हगवणीच्या पाकिटांना चिंचोका. फक्त एका पुडीवर आमचं लगेच एकमत झालं. बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं तर द्यायच्या गोळ्या, त्यांना लाल चिंधी आणि चिंधीला दोन गाठी, म्हणजे त्या काळोख्या झोपडीत नुसत्या हाताला लागतील. लेकरामागून वार बाहेर पडल्याशिवाय ती पुडी सोडायची नाही, हे मी तिच्याकडून इतक्यांदा वदवून घेतलं की शेवटी ती खेकसली, "तू जल्मली नव्हती तवापासून बाया सोडवून राह्यलो मी!"

त्या पावसाळ्यात मी अलीकडच्या तीरावर अडकलेली असताना कुर्म्यात एक बाई रक्तानं भिजली आणि दाईनं लाल चिंधी सोडली. बाई वाचली. पाणी उतरल्यावर मी आले, तर दाई डोंग्यापाशी उभी. हसायचंच नाही असं ठरवून आल्यासारखी. म्हणाली, "बरी हाय तुही पेटी." साहेबांनी पुढं मला शाबासकीचे बरेच कागद दिले, शिक्के मारून. ते सगळे वाळवीनं खाल्ले, मला काही वाटलं नाही.

आता पुढच्या वर्षाचं. उपकेंद्राला लागून एका तरुण जोडप्याचं घर होतं. त्यातल्या बायकोचं पहिलं लेकरू मेलेलंच जन्मलं होतं आणि रक्त इतकं गेलं होतं की ती स्वतः कशीबशी राहिली. हे मी गावात येण्याआधीचं. आता तिला पुन्हा दिवस होते, आणि भरायचे ते ऐन पावसात. पहिल्या खेपेला असं झालं की दुसऱ्या खेपेलाही होऊ शकतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही कळत होतं. दर महिन्याला मी तिला लोहाच्या गोळ्या द्यायची, माझ्या फळीवरच्या बरणीतून, अंगात रक्त वाढावं म्हणून. पाऊस लागायच्या आधी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन राहा, असं सांगून पाहिलं. "तिथी मले कोन वळखते, बाई?" ती म्हणाली. "आन् आपली पेटी हाय ना."

तिचा नवरा चौथी पास. गावात वाचता येणारा तेवढाच. शाळेचा मास्तर होता, पण सुट्टी लागली की तो जो पळायचा तो पोळ्याच्या आसपास उगवायचा. औषधांना गुंडाळून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे मी या नवऱ्यासाठी राखून ठेवायची. तो अंगणात बसून मोठ्यानं वाचायचा, बातमी अर्ध्यात फाटलेली असली तरी. वाचून झालं की बायकोकडं पाहायचा. मला माझा बाप आठवायचा. मी म्हणायची, "पाहा वं, कसा घडाघडा वाचते!" आणि तो लाजून बिडी शोधायला लागायचा.

जुनी पेटी कुर्म्यातल्या ओलीनं गंजून गेली होती. मी नवी आणली आणि भरायला बसले, तर त्याची बायको आपणहून येऊन बसली. कापडाच्या पुड्या तिनंच शिवल्या, बाळंतिणींसाठी यंदा पेटीत घातलेल्या लोहाच्या गोळ्यांचीसुद्धा. रक्त थांबवायच्या गोळ्या तळहातावर घेऊन म्हणाली, "बापा! येवढ्या बारीक?" मग घरात गेली, जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून आणला, पुडीला दोन गाठी मारल्या आणि दातांनी करकचून ओढल्या. "हे माही," म्हणाली आणि हसली.

"तुह्यावर ते सोडाची पाळी नोको येऊ," मी म्हटलं.

पेटी कुर्म्यात जायची तेवढी राहिली होती, आणि नेमके साहेब आले. जिल्ह्याचे. उंच, गोरे, बोलायला गोड. कोंबडी खाऊन झाल्यावर त्यांची नजर पेटीवर गेली. उघडली, एकेक पुडी उचलून पाहिली, चिंचोका पाहून पोट धरून हसले. आणि मग एकदम गंभीर झाले. "सिस्टर, हे तर मॉडेल आहे! आपत्काळाची पूर्वतयारी म्हणतात ती हीच. दिल्लीचे पाहुणे येतायत, प्रदर्शन ठेवलंय. ही पेटी आणि तुम्ही, दोघीही उद्याच्या उद्या चला."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कुणीतरी पाहिलं, असं वाटलं. स्टार्च केलेली पांढरी साडी मी त्याच दिवशी ट्रंकेतून काढली.

प्रदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी, एका शाळेच्या हॉलमध्ये. टेबलावर पांढरी चादर, वर झेंडूचा हार, मधे माझी पेटी. मी तोंड धुऊन आले तर कचेरीतली दोन माणसं पेटी उपसून बसलेली. माझ्या पुड्या फोडून गोळ्या पांढऱ्या पाकिटांत भरणं चाललं होतं, सगळी पाकिटं एका मापाची. टंकलेखक लेबलं मारत होता. इंग्रजीत. चिंध्या, काड्या, चिंचोके खाली केराच्या टोपलीत.

मी साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, "सिस्टर, दिल्लीचे पाहुणे काय चिंध्या वाचणार आहेत?"

"मग दिल्लीचे पाहुणे आमच्या कुर्म्यात बाळंत व्हायला येणार आहेत?"

ते कानापर्यंत लाल झाले. पण आवाज चढवला नाही. असली माणसं आवाज चढवत नाहीत, त्यांच्यापाशी सही असते. "प्रदर्शन झालं की तुम्ही परत तुमच्या पद्धतीनं करून घ्या," ते म्हणाले. मी टोपलीतून लाल चिंधी तेवढी उचलली, पर्समध्ये टाकली आणि चादरीशेजारी जाऊन उभी राहिले. काय करणार होते? मी धरून चालले होते की पेटी माझ्याबरोबरच परत जाणार.

पाहुण्यांनी पेटीकडं पाहिलं ते चहाचा कप हातात घेऊन, आणि कप रिकामा व्हायच्या आत पुढं गेले. टाळ्या झाल्या. मला शाल-नारळ मिळाला. आणि संध्याकाळी हुकूम आला, की सिस्टरनी थांबून बाकीच्या नर्सेसना ही पद्धत शिकवावी. कुठली पद्धत? ती तर केरात गेली होती. शिकवून झाल्यावर मी पेटी मागितली, तर शिपाई म्हणाला, "तुमची पेटी तं कवाच गेली बाई, जीपनं. साहेबांनी सांगतलं, पाऊस लागाच्या आत पोचली पाह्यजे."

माझ्या सगळ्या नोकरीत सरकारचं एक काम वेळेआधी झालं, ते हे. वर कापड गुंडाळून लाखेचं सील मारलं होतं, वाटेत कुणी चोरू नये म्हणून. जीपवाल्यानं ती डोंग्यात ठेवली, नावाड्यानं दाईकडं दिली, दाईनं थेट कुर्म्यात नेऊन आढ्याजवळच्या फळीवर ठेवली. सील पाहून तिला उलट बरं वाटलं असणार. यंदा पेटी सजून आली म्हणून.

मी मिळाली ती बस धरून निघाले. पाऊस माझ्याबरोबरच निघाला. नदीवर पोचले तेव्हा पाणी दोन्ही काठ सोडून झाडांत शिरलं होतं आणि डोंगा पलीकडं झाडाला बांधून ठेवलेला. अलीकडच्या गावात वनरक्षकाच्या घरी मी राहिले. रोज काठावर जायची, रोज पाणी तेवढंच. पलीकडं आमच्या गावाचा धूर दिसायचा. मी मनात दिवस मोजायची, तिला अजून अवकाश आहे, अजून आहे. पर्समधली चिंधी हाताला लागली की शिव्या द्यायची, साहेबांना, दिल्लीला, नदीला. वनरक्षकाची बायको बिचारी मला वाटीभर पेज आणून द्यायची आणि दाराशी बसून राहायची.

पाणी उतरलं. डोंगा पलीकडं लागला तर दाई काठावर उभी होती. गालात तंबाखू नव्हती. तेव्हाच मला कळलं.

ती बोलत होती आणि मी चिखलात उभी होते. "पोट्टी मोकळी झाली नीट. लेकरू रडलं, पोरगी. वार बी पडली. मंग रगत लागलं. मी पेटी काढली, ते लाख कोयत्यानं फोडली. आत हात घातला तं सारे पाकिटं सारखे, पांढरेफट. एक बी गाठ नाई हाताले. बाई, तुवं असं काऊन केलं?"

मी केलं नाही, हे मी तिला सांगितलं. सांगून काय उपयोग होता?

दाईनं कुर्म्याच्या दारातून नवऱ्याला हाक मारली. तो कुंपणाबाहेर पावसात उभाच होता. तिनं पाकीट उंच धरलं, अक्षर वाच म्हणाली. तिथून त्याला काय दिसणार? मग तो कुंपण ओलांडून आत आला. त्या गावात कुणा पुरुषानं कधी केलं नसेल ते त्यानं केलं, वाकून कुर्म्यात शिरला. चिमणी जवळ घेऊन एकेक पाकीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं, दाई म्हणाली. मग एक निवडलं, त्यातल्या गोळ्या बायकोला दिल्या. रक्त थांबलं नाही. दिवस बुडायच्या आत ती गेली.

कुंपण ओलांडल्याबद्दल गाव त्याला एका शब्दानं बोललं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण जिल्ह्याच्या गावाला बसून या लोकांच्या रूढींवर भाषणं देणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. रूढी वाकली. टंकलेखकाचं लेबल वाकलं नाही.

मी कुर्म्यात जाऊन पेटी पाहिली. फोडलेलं पाकीट लोहाच्या गोळ्यांचं होतं. रक्त थांबवायच्या गोळ्यांचं त्याच्या शेजारीच, न फोडलेलं.

मग चौकशी. साहेबांनी लिहिलं, की औषधसाठा पूर्ण होता, पेटी वेळेपूर्वी पोहोचली होती, अशिक्षित दाईकडून चुकीचं औषध दिलं गेलं. यातला पहिला अर्धा भाग खरा होता, हेच मला सहन होत नव्हतं. सरकारी दायांच्या यादीतून दाईचं नाव कमी केलं. मी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटून विचारलं, इंग्रजीत लेबलं कुणी लावली? साहेब शांतपणे म्हणाले, "सिस्टर, औषधांची नावं इंग्रजीतच असतात." आणि मला उद्धटपणाची नोटीस मिळाली. हरामखोर! इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा दुसरा शब्द सुचत नाही.

त्या तान्ह्या पोरीला दाईनं शेळीच्या दुधावर जगवलं. दिवाळीच्या सुमाराला तिचा बाप तिला वजनासाठी माझ्याकडं घेऊन आला. कुर्म्यात काय झालं त्याबद्दल आम्ही दोघं तोवर एक अक्षर बोललो नव्हतो. मी पोरीला काट्याच्या झोळीत घातलं. तो फळीसमोर जाऊन उभा राहिला आणि लोहाच्या बरणीवर बोट ठेवलं.

"हेच अक्षर होते, बाई. त्या पाकिटावर."

मी काटा पाहत राहिले.

"इंग्रजी मले येत नाई. पन् हे अक्षर मी पाहून होतो. तुमी तिले दर महिन्याले हेच बरनीतून गोळी देत होत्या. मी म्हन्लं, बाई देते ते दवा हेच हाय. इंग्रजीतलं मले तेवढंच वळखू आलं."

मी म्हटलं, "भाऊ, तुझी काय चूक त्याच्यात? लेबल मराठीत असतं तं तू घडाघडा वाचलं असतं."

"नाई, आयका ना. दाईनं हे सांगतलं नसन तुमाले." तो बरणीकडंच पाहत बोलत होता. "तिनं माह्या हातातून पाकिटं घेतले होते. निजल्या निजल्या एकेक दाबून पाहे. मंग एक धरलं आन् म्हने, हे माही. बारीक गोळ्याची. मीच शिवली होती. मले आवाज बी नीट येत नव्हता तिचा." त्यानं बरणीवरचं बोट काढलं. "मी ते पाकीट घेतलं तिच्यापासून. म्हन्लं, वाचता येते का तुले?"

काट्याच्या झोळीत पोरगी हातपाय झाडत होती.

"मंग चूप झाली. मी देल्ली ते गोळी घेतली तिनं." आता त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बारीकवालीच होती ना, बाई?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. पण तो इतका वेळ त्या बरणीपुढं उभा होता की त्याला खोटं सांगायची माझी छाती झाली नाही. "हो," मी म्हटलं. "बारीकच."

त्यानं मान हलवली. पोरीला झोळीतून उचललं, धोतराच्या सोग्यानं तिचं नाक पुसलं, खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेला आणि वळला.

"बाई, हिले शाळेत घालू का नोको?"

मी माझ्या बापाची पोर. हा प्रश्न कुणी झोपेतून उठवून विचारला असता तरी मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी काट्याची झोळी सोडवत बसले, आणि तो दारात उभा राहून वाट पाहत राहिला.